उभी वाट, आडव्या खाड्या

डिसेंबर लागला की बंगळूरच्या महादेवपुऱ्यातल्या सोसायट्यांच्या तळघरांत पुठ्ठ्याची लांबट खोकी दिसू लागतात. सायकलची दोन्ही चाकं काढायची, हँडल वळवून दांडीला बांधायचं, मागच्या गिअरला जुन्या टी-शर्टात गुंडाळायचं आणि खोकं रात्रीच्या बसच्या पोटात सरकवायचं. बस कधी मुंबईची असते, कधी पणजीची. पुढचा आठवडा कोकणच्या किनाऱ्याने, रेवसपासून तेरेखोलपर्यंत, नाहीतर उलट. पाचशे-साडेपाचशे किलोमीटर, दिवसाला सत्तर-ऐंशी. आउटर रिंग रोडवरच्या ऑफिसांत ही सहल आता चांगली रुळली आहे, आणि परत आल्यावरची वर्णनंही: जंजिरा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सोलकढी आणि पायात आलेले गोळे. या वर्णनांत इतिहास भरपूर असतो. तरी त्यातली सगळ्यांत नवलाची ऐतिहासिक गोष्ट सुटून जाते. ही मंडळी कोकणातून ज्या दिशेने सायकल हाकतात, त्या दिशेने जमिनीवरून सबंध कोकण पार करायची वेळ गेल्या दोन हजार वर्षांत फारशी कुणावर आली नव्हती.

नकाशा समोर धरा. कोकण उभं आहे आणि नद्या आडव्या. सह्याद्रीच्या कड्यावरून निघालेली नदी पन्नास-साठ किलोमीटरांत समुद्राला मिळते, आणि शेवटच्या टप्प्यात तिची खाडी होते. भरतीचं पाणी कितीतरी मैल आत शिरतं. त्या पाण्यावरून गलबतं आत जात. जिथे भरतीचा जोर संपे तिथे माल उतरे, बैलांच्या पाठीवर चढे आणि घाट ओलांडून देशावर जाई. महाड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, खारेपाटण ही गावं अशीच भरभराटीला आली. मुखाशी बंदर, आत पेठ, वर घाट. नाणेघाटात कोरलेला लेख आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण हे याच आडव्या रहदारीचे सातवाहनकालीन साक्षीदार. एका खाडीतून पुढच्या खाडीत जमिनीवरून जायचं म्हणजे मधला डोंगर चढायचा, उतरायचा, आणि खाली पुन्हा पाणी आडवं. व्यापाऱ्याने हा उपद्व्याप कशासाठी करावा?

रशियन व्यापारी अफनासी निकितिन १४६९च्या सुमारास चौलला उतरला तेव्हा त्याच्याबरोबर विकण्यासाठी आणलेला एक घोडा होता. त्याने किनारा धरला नाही. घाट चढून तो जुन्नरला गेला आणि तिथून बिदरला. जुन्नरच्या खानाने घोडा काढून घेतला आणि मुसलमान झालास तर परत देईन, वर पैसेही देईन, असं सांगितलं. एका खुरासानी गृहस्थाने रदबदली केली म्हणून घोडाही सुटला आणि धर्मही. निकितिनने हे सगळं लिहून ठेवलं आहे. आज रेवदंड्याच्या पोर्तुगीज तटाखालून सायकलवाले जातात, ते त्याच चौलच्या दारातून. फरक एवढाच की निकितिन तिथून डावीकडे वळला आणि हे सरळ जातात.

याच आडव्या वाटांचं दुसरं टोक आमच्या महादेवपुऱ्यापर्यंत येतं. बिदरची बहमनी सत्ता फुटून विजापूरची आदिलशाही झाली. दाभोळ हे तिचं मोठं बंदर, आणि अरबस्तान-इराणचे घोडे अशाच बंदरांतून घाटावर जात. त्या आदिलशाहीने १६३८ साली रणदुल्लाखानाच्या हातून केंपेगौडाच्या वंशजाकडून बंगळूर घेतलं आणि शहाजीराजांना जहागीर दिलं. होसकोट, कोलार, दोड्डबळ्ळापूर, शिरे ही ठाणीही त्यातच होती. महादेवपुरा बंगळूर आणि होसकोट यांच्या मधे पडतो. तेव्हा आज जिथे टेक पार्क आहेत तिथल्या नाचणीच्या आणि तळ्याखालच्या भाताच्या जमिनीचा सारा कधीकाळी भोसल्यांच्या दप्तरात जमा होत होता, असं धरायला हरकत नाही. जयराम पिंड्ये याने ‘राधामाधवविलासचंपू’ रचला तो शहाजीराजांच्या बंगळूरच्या दरबारात. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी तो १९२२ साली छापून काढला म्हणून आपल्याला ठाऊक. पुढे १६८७मध्ये मोगल सरदार कासीमखानाने बंगळूर घेतलं आणि तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांच्या हवाली केलं. तीन लाखांत आज महादेवपुऱ्यात दोन गाड्या लावण्याची जागाही मिळणार नाही.

हा प्रसंग आपल्याकडे ‘बंगळूर आपलंच होतं’ अशा थाटात सांगायची रीत आहे. मला त्यात अभिमानापेक्षा भूगोल जास्त दिसतो. अरबी समुद्रावरच्या बंदरात घोडा उतरतो, घाट चढतो, विजापूरच्या फौजेत जातो आणि त्या फौजेच्या जोरावर नऊशे मीटर उंचीवरचं एक शहर हात बदलतं. सगळी साखळी पश्चिमेकडून पूर्वेकडे. कोकणचे किल्ले याच साखळीच्या तोंडाशी उभे आहेत. सायकलवरून ते एकामागोमाग एक येतात म्हणून ती एक तटबंदी वाटते. प्रत्यक्षात एकेक किल्ला एकेका खाडीचं दार राखत होता: जयगड शास्त्रीचं, बाणकोट सावित्रीचं, विजयदुर्ग वाघोटणच्या खाडीचं. त्या दारातून आत जाणाऱ्या मालावर जकात कोण घेणार, हाच दोन-तीनशे वर्षांचा झगडा होता.

किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं तर पाण्यातून जायचं, हा नियम इंग्रजी अमलातही बदलला नाही. इंग्रजांनी रस्ते बांधले तेही घाटातलेच. बोरघाटातून चाकाची गाडी जाईल असा रस्ता १८३० साली खुला झाला. मग इतर घाट. कोकणच्या लांबीने जायला गलबतं होती, आणि पुढे आगबोटी. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत बोट जाई. बहुतेक ठिकाणी धक्का नसे. बोट खोल पाण्यात थांबे, पडाव तिच्या कुशीला लागे आणि माणसं, ट्रंका, फणस, कोंबड्या सगळं त्यात उतरवलं जाई. पावसाळ्यात हा मार्ग बंद. मुंबईच्या गिरणीत राबणारा चाकरमानी शिमग्याला आणि मे महिन्यात याच बोटींनी घरी जायचा. १७ जुलै १९४७ला रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. महिन्याभरात देश स्वतंत्र व्हायचा होता, त्यामुळे देशाच्या इतिहासात त्या बोटीला जागा मिळाली नाही. रायगड जिल्ह्यातल्या जुन्या घरांत मात्र तिची आठवण अजून निघते.

जमिनीवरची उभी वाट आली ती त्यानंतर. मुंबई-गोवा महामार्ग महाड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, खारेपाटण असा जातो. यादी ओळखीची वाटेल, कारण ती खाडीच्या शेवटी वसलेल्या जुन्या पेठांची यादी आहे. खाडी जिथे अरुंद होते तिथे पूल बांधणं स्वस्त, म्हणून रस्त्याने त्या पेठा गाठल्या. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ला पूर्ण धावू लागली, तीही आतूनच. तोवर प्रवासी बोटी थांबल्या होत्या. म्हणजे विसाव्या शतकाच्या अखेरीस कोकणला उभ्या वाटा मिळाल्या खऱ्या, पण समुद्राला पाठ देऊन. दाभोळ, जयगड, विजयदुर्ग ही शेकडो वर्षं दारं असलेली गावं परसदारी जाऊन बसली. बॅ. अंतुले १९८०मध्ये मुख्यमंत्री झाले, त्यांच्या काळात रेवस ते रेड्डी असा सागरी महामार्ग करायचं घाटत होतं. स्वतः आंबेतचे, सावित्रीकाठचे असल्यामुळे खाडीपलीकडचं गाव डोळ्यांना किती जवळ आणि पायांना किती लांब असतं हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. तो मार्ग तुकड्यातुकड्यांनी झाला. कुठे आधीचा जिल्हा रस्ता रुंद केला, कुठे नवा काढला, काही खाड्यांवर पूल आले. रेवदंडा-साळावचा पूल त्यातलाच. राजपुरी, सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री यांची रुंद मुखं मात्र तशीच राहिली. रस्ता पाण्यापर्यंत जायचा आणि पाण्यापलीकडून पुन्हा सुरू व्हायचा.

या अर्धवटपणातून सायकलवाल्यांची सुट्टी जन्माला आली. रस्ता आहे, डांबरी आहे, नकाशावर सलग दिसतो. पण ज्याला गोव्याला लवकर पोचायचंय तो ट्रक किंवा ती व्होल्वो त्यावर येत नाही, कारण मधे फेरीबोट आहे. सरकारी दिरंगाईतून इतका शांत रस्ता दुसरीकडे क्वचितच निपजला असेल.

सुट्टी हीसुद्धा तशी नवीच चीज. आपल्याकडे प्रवासाची वर्णनं जुनी आहेत, पण सुट्टीची नाहीत. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७च्या धामधुमीत उत्तरेला गेले ते घरचं कर्ज फेडायला चार पैसे मिळावेत म्हणून. दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे १८७५ साली शंभराहून अधिक मैल चालून, घाट चढून साताऱ्याला गेले ते परीक्षेला बसायला. वय सतरा पाहिजे आणि हा मुलगा तेवढा दिसत नाही, म्हणून त्यांना परत पाठवलं. पुन्हा तेवढंच चालणं. मुरुडच्या पुळणीवर आज सायकल टेकवून शहाळं पिणाऱ्याने ती वाट मनातल्या मनात एकदा मोजून बघावी. तीही आडवीच होती.

नुसतं फिरायला म्हणून सायकल काढणं युरोपात आधी सुरू झालं. इंग्लंडमध्ये सायकलवरून सहली करणाऱ्यांचा क्लब १८७८ साली निघाला, पण तेव्हा सायकल होती पैसेवाल्यांची. तिला कामगाराच्या सुट्टीशी जोडलं ते फ्रान्सने. १९३६मध्ये तिथे दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळाली, आणि त्या उन्हाळ्यात पॅरिसचे कामगार सायकली घेऊन, नवराबायको टँडमवर बसून, समुद्राकडे निघाले. त्यातल्या कित्येकांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. आपल्याकडे १९४८च्या कारखाना कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवसाची पगारी रजा दिली. महादेवपुऱ्यातल्या सॉफ्टवेअरवाल्याची रजा कर्नाटकच्या १९६१च्या दुकानं-आस्थापना कायद्यातून येते. ‘अर्न्ड लीव्ह’ म्हणून पोर्टलवर जो आकडा दिसतो त्यामागे गिरणी कामगारांचे संप आहेत. पण गिरणीवाल्याने ती रजा गावी जाण्यात घालवली. भात लावायचं होतं, गणपती आणायचा होता, घर शाकारायचं होतं. कोकणातून मुंबईला गेलेल्याची सुट्टी म्हणजे आपल्या घरी परतणं, आणि महादेवपुऱ्यातून कोकणात जाणाऱ्याची सुट्टी म्हणजे त्याच घरात पाहुणा होणं. ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ ही पाटी या दोघांच्या मधे लटकते आहे. गिरण्या बंद पडल्यावर मनीऑर्डर आटली, आणि पाटी आली.

सायकलचं आणि मराठी मुलखाचं नातं मात्र याहून जुनं. १९२३च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईचे काही पारशी तरुण सायकलवरून जगाच्या फेरीला निघाले. त्यांतल्या आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा या तिघांनी ती पुरी केली आणि १९२८मध्ये ते परतले. इराण, इराक, युरोप, अमेरिका, जपान, चीन असं सगळं त्यांनी पालथं घातलं. त्या काळी मुंबईहून सायकलने बगदादला जाता येत होतं आणि गुहागरला जाणं त्याहून अवघड होतं, असं म्हटलं तर ते फार चुकीचं ठरू नये. पुण्यात, सांगली-मिरजेत सायकल घरातली झाली. कोकणच्या चढांवर ती फारशी रुजलीच नाही. तेरेखोल ओलांडलं की गोव्यात पोदेर सायकलच्या टोपलीत पाव घेऊन भोंगा वाजवत येतो, तेव्हा आठवडाभरात पहिल्यांदाच कामावर निघालेली सायकल दिसते.

बागमांडल्याच्या धक्क्यावर थोडं थांबू. अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे वेश्वी, रत्नागिरी जिल्हा; मधे सावित्री समुद्राला मिळते आहे. धक्का म्हणजे पाण्यात उतरत गेलेला सिमेंटचा उतार. बोट येऊन त्याला नाक लावते आणि साखळ्यांवरची लोखंडी फळी खडखडत खाली पडते. आधी मोटारी, त्याही कधी उलट्या चढवायला लावतात. मग मोटारसायकली, बर्फातल्या मासळीच्या पाट्या, बाजाराला निघालेल्या बायका. सायकली सगळ्यांत शेवटी, कठड्याला टेकवून. सायकलला तिकीट कशाचं लावायचं यावर तिकीटवाल्याचं एकदा बोटचालकाशी बोलणं होतं. पाणी गढूळ, मचूळ, तळाशी वाळूची भाटी. दक्षिणेच्या डोंगरावर बाणकोटचा किल्ला. खाडीत पुलाचे खांब कैक वर्षं अर्धवट उभे आहेत आणि बगळ्यांना त्यांचा चांगला उपयोग होतो.

पलीकडे जायला पंधरा मिनिटंही लागत नाहीत, पण पेशवाईची सुरुवात जवळजवळ एवढ्याच टापूत झाली. उत्तरेला श्रीवर्धन, बाळाजी विश्वनाथ भटांचं गाव. दक्षिणेला वेळास, भानूंचं. जंजिऱ्याच्या सिद्दीशी बिनसलं तेव्हा बाळाजी खाडी ओलांडून भानूंच्या आश्रयाला आला आणि मग दोन्ही कुटुंबं घाट चढून साताऱ्याकडे गेली, असं सांगतात. १७१३ साली बाळाजी पेशवा झाला. भानूंच्या तिसऱ्या पिढीत नाना फडणीस. बाळाजीच्या नातवाने, नानासाहेब पेशव्याने, तुळाजी आंग्र्यांशी वैर धरलं आणि इंग्रजांना हाताशी घेतलं. १७५५मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला, पुढच्या वर्षी वॉटसन आणि क्लाइव्हने विजयदुर्गाखाली आंग्र्यांचं आरमार जाळलं. त्या सौद्यात बाणकोट इंग्रजांकडे गेलं आणि त्यांनी त्याचं फोर्ट व्हिक्टोरिया केलं. म्हणजे श्रीवर्धनकरांच्या वंशजाने आपल्याच घरासमोरच्या खाडीची किल्ली परक्याच्या हातात दिली. पुण्यात बसलेल्याला खाडी दिसत नाही. घाट चढून गेलेल्या कोकणस्थांनी साम्राज्य चालवलं, पण समुद्राकडे पाठ फिरवायला पहिली सुरुवात त्यांनीच केली, महामार्गाच्या इंजिनिअरांनी नंतर. शनिवारवाड्यावर हळहळणारे आपण आरमाराच्या या आगीवर फारसं बोलत नाही.

वेश्वीहून पुढे लगेच चढ. कोकणच्या किनारी रस्त्याची ही नेहमीची चाल: खाडीतून निघायचं, दोन-तीन किलोमीटरमध्ये शंभर-दीडशे मीटर चढायचं, आणि वर सडा लागतो. जांभ्याचा काळा-तांबडा, सपाट, उघडा सडा. पावसात फुलांनी भरलेला आणि डिसेंबरात पिवळ्या गवताचा. सावली नाही. मग एकदम उतार, ब्रेक धरून बोटं दुखतात, आणि खाली माड-पोफळी, दुतर्फा जांभ्याचे गडगे, त्यामधून एकच गाडी जाईल एवढा रस्ता. तासाभरात पुन्हा हेच. नंदी हिल्सवर दर रविवारी चढून तयारी केलेले बंगळूरवाले पहिल्या दोन दिवसांत नरम पडतात ते याच्यामुळे. नंदीचा चढ एकदा संपला की संपतो. मोटारीतून जाणाऱ्याला हे चढउतार पोटात कळतात, सायकलवाल्याला मांड्यांत. दोन हजार वर्षं इथली माणसं दोन खाड्यांमधला डोंगर का टाळत होती, याचं याहून सरळ उत्तर कुठल्या पुस्तकात मिळणार नाही.

खाडी ओलांडण्याचा हा त्रास गावं वेगळी ठेवत आला. कोर्लईच्या किल्ल्याखालच्या गावात आजही पोर्तुगीजमधून निपजलेली बोली घरात बोलली जाते. रेवदंड्याला, खाडीच्या पल्याड, ती कुणाला येत नाही. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि २००२पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्था गावकऱ्यांबरोबर ती राखते आहे. दाभोळच्या धक्क्यापाशी आदिलशाही मशीद आहे, गावात तिला अंडा मशीद म्हणतात; १५०८च्या डिसेंबरात पोर्तुगीज आल्मेदाने हेच दाभोळ जाळून लुटलं होतं, आणि मशीद त्यानंतरची. फेरीबोटीची वाट बघताना ती सहज पाहून होते. पुलावरून गेलो असतो तर दिसली नसती.

आता पूल येणार आहेत. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने रेवस ते रेड्डीचा मार्ग नव्याने हाती घेतला आहे आणि मोठ्या खाड्यांवरचे पूल त्यात आहेत. याला विरोध करायचा मला काही अधिकार नाही, आणि इच्छाही नाही. रात्री अडलेल्या बाईला गुहागरहून रत्नागिरीला न्यायचं असताना शेवटची फेरी गेलेली असेल, तर त्या गावाला शांत रस्त्याचं कौतुक सांगणारा सायकलवाला निर्लज्जच म्हटला पाहिजे. पूल झालेच पाहिजेत. प्रश्न पुलावरून कोण जाऊ शकेल याचा आहे.

महादेवपुऱ्यात राहणाऱ्याला हा प्रश्न लवकर सुचतो. इथली गावं, महादेवपुरा, हूडी, वर्तूर, बेळ्ळंदूर, तळ्यांच्या बांधांवरून जाणाऱ्या वाटांनी जोडलेली होती. त्या वाटांच्या मधून आउटर रिंग रोड काढला. २००७ साली महादेवपुऱ्याची नगरपालिका महानगरपालिकेत विरघळली. इतक्या लोकांना कामावर नेणारा रस्ता आखताना पायी किंवा सायकलने जाणारा कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हता. २०२०मध्ये सिल्क बोर्ड ते के. आर. पुरम या पट्ट्यात कडेला खांब रोवून सायकलमार्ग आखला गेला. खांब मोडले, त्यावर गाड्या लागल्या, मग मेट्रोचं काम आलं आणि मार्ग त्याच्या पत्र्यांआड गेला. मूळ आराखड्यात जागा नसली की मागून रंगाचा पट्टा ओढून काही होत नाही. हौशी सायकलवाले पहाट व्हायच्या आत जुन्या मद्रास रोडने होसकोटला जातात, पहाटेची बिर्याणी खातात आणि रहदारी सुरू व्हायच्या आत परततात. ते हौशी आहेत म्हणून त्यांचं निभतं. बांधकामावर जाणारा मजूर सायकलने निघतो तेव्हा रहदारी सुरू झालेली असते.

महाराष्ट्राची यातली अलीकडची कामगिरी फारशी धीर देणारी नाही. वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ साली झाला. त्यावर दुचाकी चालत नाही, सायकल चालत नाही, पायी जाता येत नाही. अटल सेतू जानेवारी २०२४मध्ये खुला झाला; त्यावरही मोटारसायकल नाही, रिक्षा नाही. मुंबईत याने फारसं अडत नाही, लोकल आहे, बस आहे. वाशिष्ठीच्या मुखावरच्या दाभोळ-धोपाव्याला तसं नाही. तिथे २००३पासून चालणाऱ्या फेरीबोटीवर मोटार जाते, मोटारसायकल जाते आणि डोक्यावर पाटी घेतलेली कोळीणही जाते. उद्या पूल झाला की बोटीचं उत्पन्न मोटारींबरोबर पुलावर जाईल आणि बोट बंद पडेल. तोच पूल जर फक्त भरधाव वाहनांचा ठरला, तर पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे पोचणाऱ्या बाईला चिपळूणपर्यंत आत जाऊन वळसा घालावा लागेल. सायकलवाल्याचं काय, तो खोकं बांधून दुसऱ्या किनाऱ्याला जाईल.

म्हणून दोन गोष्टी आत्ताच, काम नकाशावर आहे तोवर, विचारायला हव्यात. खाडीवरच्या प्रत्येक पुलाच्या आडव्या छेदात माणूस आणि सायकल जाईल एवढी, कठड्याने वेगळी केलेली पट्टी आहे का, आणि ती नंतर वाहनांसाठी काढून घेतली जाणार नाही हे निविदेत लिहिलंय का? आणि पूल झाल्यावर फेरीबोट एकदम बंद न करता, निदान दिवसातून काही फेऱ्या तरी चालू ठेवायला सरकार पैसे देणार का? गोव्यात नदीवरच्या फेरीबोटी सरकारच चालवतं आणि पायी माणसाला त्यात तिकीट लागत नाही. तेरेखोल ओलांडताना हे प्रत्येक सायकलवाल्याने पाहिलेलं असतं. सिंधुदुर्गात उभं राहून ती बोट दिसते. मंत्रालयातून दिसायला हरकत नसावी.